इचारलं, एवढंच बोललो

वाशीमच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो, तेव्हा सनाचा फोन आला. सना म्हणजे रफीकची मुलगी. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. मी "बरं, बरं, येतो" असं काहीतरी म्हणालो, कचेरीत साहेबानं हाक मारल्यावर म्हणतो तसं, आणि फोन खिशात ठेवला. अकोल्याला त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, छान आहे. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला… भाजीवालीनं विचारलं, "घेता का ठेवता?" मी मेथी घेतली, पिशवीत टाकली आणि ती पिशवी घेऊनच मंगरूळपीरच्या बसमध्ये चढलो. कब्रस्तानच्या फाटकापाशी कोणीतरी ती हातातून काढून घेतली, तेव्हा मला तिची आठवण झाली.

संध्याकाळच्या नमाजीआधी माती दिली. मीही तीन मुठी टाकल्या. गर्दीतल्या लोकांनी मला वाट करून दिली. "मिलिंदभाऊले समोर येऊ द्या," असं दोघातिघांनी म्हटलेलं ऐकू आलं. शेजारचा एक म्हातारा दुसऱ्याला हळूच सांगत होता, "हेच थे. पुण्यात यायनंच रफीकले सांभाळलं. एकोणीस दिवसात एक घास हराम जाऊ देला नाई." मी खाली मातीकडं बघत राहिलो. मान वर करायची हिंमत झाली नाही.

गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे त्याचे गुण सांगायचे, अशी रीत आहे. मीही सांगणार आहे. पण त्या म्हाताऱ्यानं जे म्हटलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं. ते न सांगता रफीकवर चार ओळी लिहीन तर मी आणखी एकदा त्याला फसवीन.

रफीक माझा शाळेपासूनचा दोस्त. मंगरूळपीरला दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन शेतकरी यायचे, रफीक जळका तार काढायचा, नवा भरायचा, वार्निश मारायचा आणि मोटारीचं झाकण बंद करून द्यायचा. वेढे मोजताना तो कोणाशी बोलत नसे. मी कितीदा समोर जाऊन बसलो, "अबे रफीक" म्हणून हाका मारल्या, तर तो ओठ हलवत मोजत राहायचा आणि कॉइल पूर्ण झाली की मग मान वर करून म्हणायचा, "आता बोल. काय बोंबलत होता?" या धंद्यात लबाडीला भरपूर जागा असते. तांब्याच्या तारात मधेच अ‍ॅल्युमिनियमचा घुसडला तर वरून कोणाला काही दिसत नाही. रफीक जळका तार एका पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमचा होता, तुमी न्या." मी एकदा म्हटलं, लोकांना इतकं काय पडलंय? तर म्हणाला, "बंद मोटार कोण उघडून पाह्यते, मिलिंद्या? लोकं माह्या बोलण्यावर घेऊन जातात. थे बोलणंच इकतो मी."

खाण्याचा मात्र तो शौकीन. मटण म्हटलं की डोळे चमकायचे. आमचं घर बौद्ध, त्याचं मुसलमान, पण मंगरूळपीरला या गोष्टीनं आमच्या ताटात कधी फरक पडला नाही. आमच्या घरी लग्न निघालं की बकरं कापायला रफीकच मोहल्ल्यातून माणूस घेऊन यायचा, म्हणजे सगळ्यांना एका पंगतीत बसता येई. माझे वडील तर रफीक येईपर्यंत सुरीला हात लावू देत नसत. हलाल म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि विचारावंही लागलं नव्हतं. कोणी कापलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, बस. विचारायची वेळ आली ती पुण्यात.

सात वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. माझं डोकं चालेना. रफीकनं हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत, म्हणजे त्याच्या ऐन धंद्याच्या हंगामात, दुकानाला कुलूप लावलं. मी म्हटलं, "अरे, लोकायच्या मोटारी…" तर म्हणाला, "मोटारी जळतच राह्यतात. चाल." एकोणीस दिवस तो माझ्यासोबत राहिला. दवाखान्याजवळ एका लॉजमध्ये आम्ही खोली घेतली होती. रक्त लागलं ते त्यानं दिलं. कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत तोच पळायचा. सुनंदाला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी बाकावर बसून राहिलो आणि तो दारापाशी उभा राहिला, पाच तास.

पुण्यात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते झालं. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही जेवायला गेलो. रफीकनं काउंटरवर आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "भैया, हलाल है क्या?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काउंटरवाला म्हणाला, "इथं असलं काही चालत नाही." मागचा कोणीतरी म्हणाला, "यांना सगळीकडं हेच पाहिजे." एकानं मोबाइल वर धरला, शूटिंग करतात तसा. रफीकची दाढी, टोपी… त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तो "ठीक है, ठीक है" म्हणत बाहेर आला आणि रस्ता ओलांडून थेट केळीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्यानं पुण्यात कोणाला काही विचारलं नाही. डाळभात, केळी, बिस्किटं. "मले काय, डाळभात चालते," म्हणायचा. चालायचं कसलं! बिर्याणीच्या हंड्याजवळून जाताना त्याची चाल हळू व्हायची, मला दिसायचं ते.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "हे पाह्य, मी इचारत जातो. मले कोणी काई म्हणत नाई." झालं. तेव्हापासून विचारणं माझ्याकडं आलं. मी आत जायचो, रफीक रस्त्याच्या पलीकडं औषधाच्या दुकानापाशी उभा राहायचा, भलतीकडं तोंड करून, जसा काही तो माझ्यासोबत नाहीच. मी हात वर केला की तो रस्ता ओलांडायचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस! माझे आजोबा पाणी मागायला असेच लांब उभे राहायचे, हे मी घरात ऐकत मोठा झालो. जेवणा-पाण्याची चौकशी करायला तोंड उघडायचं नाही, ही काय चीज असते ते दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला पाहिजे होतं.

शोधताना गंमतही झाली. एका मेसवाल्याला विचारलं, हलाल आहे का, तर तो म्हणाला, "आहे ना, हाफ देऊ का फुल?" दुसरा म्हणाला, आमच्याकडं सगळं घरगुती असतं. शेवटी मागच्या गल्लीत केरळकडच्या एका माणसाचं छोटं हॉटेल सापडलं. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमको क्यूँ चाहिए?" मी म्हटलं, दोस्त के लिए. तो हसला, आणि मी दारात येऊन हात वर केला. त्या दिवशी रफीक जेवला म्हणजे काय जेवला! जेवताना म्हणाला, "आमच्यात असं असते. आपण इचाराचं. सांगणाऱ्यानं सांगतलं की मंग थे त्याच्या गळ्यात. तू सांगतलं, माह्यापुरतं झालं." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "माह्या गळ्यात कायले अडकवतं बे?"

आता तो शुक्रवार.

सकाळी गाठीचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता. मी आणि रफीक जिन्यात एकमेकांना धरून रडलो, लोक बाजूनं जात-येत होते. मग तो जुम्म्याच्या नमाजीला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. "वहिनीसाठी शुकराना करून येतो," म्हणाला. मी ठरवलं, आज त्याला मटण खाऊ घालायचं. केरळवाल्याकडं गेलो तर शटर खाली. तोही नमाजीला गेलेला. मी दवाखान्यासमोरच्या मोठ्या हॉटेलात गेलो आणि विचारलं. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "नाही काका, आमच्याकडं हलाल नाही. रिक्षानं पुढं गेलात तर मिळेल," आणि चौकाचं नावही सांगितलं. बाहेर रिक्षा होती. मी दोन रात्री झोपलेलो नव्हतो, उन्हात उभं राहवत नव्हतं, आणि समोर रस्सा उकळत होता. मी म्हटलं, "पार्सल द्या."

रफीक परत आला तेव्हा मी खोलीत पेपर पसरून ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. त्यानं वास घेतला. "अरे वा! केरळवाला?" मी म्हटलं, "थे बंद होतं. समोरून आणलं." तो हात धुवायला जाता जाता थांबला.

"इचारलं?"

"इचारलं."

एवढंच बोललो. आणि ते खरं होतं, मी विचारलंच होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. बिस्मिल्ला म्हणून बसला. तीन भाकरी खाल्ल्या. नळी निघाली ती माझ्या ताटात टाकली, "घे, तू लय थकला." मी ती नळी चवीनं खाल्ली, खोटं कशाला सांगू. घशात घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं, असलं त्या वेळी काही झालं नाही. मला आनंद झाला होता. माझी बायको वाचली होती आणि माझा दोस्त पोटभर जेवत होता.

घशात अडकायला लागलं ते गावी आल्यावर. रफीकला या गोष्टीचा मोठा अभिमान वाटायचा. दुकानात चार माणसं बसली की सुरू व्हायचा, "पुण्यासारख्या शयरात एकोणीस दिवस राह्यलो, पण एक घास हराम नाई. या मिलिंद्यानं घराघरात इचारलं माह्यासाठी." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. कोणीतरी चहा मागवायचा. मी म्हणायचो, "सोड बे, काय थेच थे." लोकांना वाटायचं, बघा किती साधा माणूस. पहिल्या वर्षी सांगू शकलो असतो. तो चिडला असता, आठ दिवस बोलला नसता, मग आला असता. पण जितक्यांदा त्यानं ती गोष्ट सांगितली तितकं ते जड होत गेलं. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली जायचा. मी स्वतःशी वकिली करायचो. मी खोटं कुठं बोललो? विचारलं म्हणालो, विचारलं होतं. त्याचं काय बिघडलं? माणूस खुशीत जेवला. सात वर्षं ही वकिली केली मी.

अकोल्याला ऑपरेशनला जायच्या आदल्या आठवड्यात रफीक वाशीमला माझ्या घरी आला. त्यांच्यात मोठ्या प्रवासाला किंवा असल्या दुखण्याला सामोरं जाताना माणूस ओळखीच्यांकडं जाऊन बोललं-चाललं माफ करून घेतो. सुनंदानं चहा ठेवला. तो खुर्चीच्या टोकावर बसला, पाहुण्यासारखा, आणि म्हणाला, "माफी मांगाले आलो, गड्या."

"अबे, कायची माफी?"

"तुह्या बापाची मोटार. लय वर्स झाले. हंगाम होता, तांब्याचा तार संपला होता आणि बुढा दुकानात येऊन बसला होता, गहू सुकून राह्यला म्हणे. दोन कॉइला मी अ‍ॅल्युमिनियमच्या टाकल्या. तांब्याच्या हायत म्हणून सांगतलं."

मला हसूच आलं. म्हटलं, "मोटार जळली का?"

"नाई. चालली."

"मंग? बाबा जाऊनई जमाना झाला. काय नुकसान झालं कोणाचं?"

"चालली म्हणून काय झालं?" तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बुढ्यानं मले इचारलं होतं, तांब्याचाच हाय ना रफीक. मी हाव म्हणलो. बुढा खुशीत मोटार घेऊन गेला. त्याच्याजवळ माफी मांगाची राह्यली, म्हणून तुह्याजवळ मांगतो."

…त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. त्याच खुर्चीसमोर, चहा निवायच्या आत. त्यानं माझ्या सात वर्षांच्या वकिलीचा एका वाक्यात निकाल लावला होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं. शब्द जिभेवर आला होता. पण मला वाटलं, आजारी माणूस, ऑपरेशनला चाललाय, आता कशाला त्याच्या डोक्याला ताप? परत आल्यावर निवांत सांगू. हेही खोटंच. मला त्याच्या तापाची काळजी नव्हती, तो माझ्याकडं कसा बघेल याची होती. मी म्हटलं, "माफ केलं, जा. लवकर बरा होऊन ये." तो उठला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "तुह्यं तं माह्याकडं काईच नाई रे, काय माफ करू?" मी दारात उभा राहून हात केला. तो मोटारसायकलवर मागं बसून गेला. पुढं त्याचा पुतण्या होता.

रफीकच्या चाळीसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर दोन दिवसांनी मी पुन्हा मंगरूळपीरला गेलो. रफीकची बायको, नसरीन भाभी, इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्या परक्या पुरुषासमोर येत नाहीत. ज्या भाभींनी पंचवीस वर्षं मला समोर बसवून जेवू घातलं, त्या आता आतल्या खोलीत पडद्यामागं होत्या. सना उंबऱ्यावर बसली होती. पडदा निळ्या फुलांचा होता, पंख्यानं हलायचा. मी त्या पडद्याला सगळं सांगितलं. शुक्रवार, शटर, हॉटेलातला भला माणूस, पार्सल, आणि ते दोन शब्दांचं बोलणं. सना माझ्याकडं बघत नव्हती.

मग भाभी म्हणाल्या, "भाऊ, हे तुमी त्यायले सांगाचं होतं."

"हो भाभी."

"मोहल्ल्यातले लोक त्यायले म्हणत, असं कोणाच्या बोलण्यावर गोश्त नाई खाव. ते म्हणत, मिलिंदनं इचारलं म्हणजे मीच इचारलं." त्या थांबल्या. रडत होत्या की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. "त्यायले गुनाह नाई, भाऊ. त्यायले मालूम नव्हतं. ते सुटले. आता तुमीच राह्यले. मी माफ करनारी कोन?"

मी उठलो. चपला शोधत होतो, तेव्हा आतून पुन्हा आवाज आला. "सनाले पुण्याले पोचवाले तुमीच जा. कालेजात नाव लागलं तवाच ते सांगून गेले होते, मिलिंद घेऊन जाईन म्हणून. त्यायचं बोलनं मी मोडनार नाई. पन खान्याचं… खान्याचं सना खुद इचारन."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून मोठ्यानं रडलो. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली, ती मी घेतली.

मागच्या आठवड्यात सनाला पुण्याला घेऊन गेलो. तिला तिथं फार्मसीला प्रवेश मिळालाय. कागदपत्रं झाली, होस्टेलची खोली बघितली, दुपारचे दोन वाजले. कॉलेजजवळच्या एका हॉटेलात शिरलो. सवयीनं माझी पावलं काउंटरकडं वळली. सना म्हणाली, "काका, तुमी बसा." ओढणी डोक्यावर घेऊन ती रांगेत उभी राहिली. पुढं चारपाच माणसं. मला तो मोबाइल आठवत होता, रफीकचा पडलेला चेहरा आठवत होता. तिचा नंबर आला. खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "दादा, चिकन-मटण हलाल आहे का?"

दोघांनी वळून बघितलं. काउंटरवाल्यानं मान हलवली. "नाही ताई, आमच्याकडं नसतं."

"बरं. मग दोन अंडाकरी आणि सहा पोळ्या द्या."

बघणारे आपापल्या मोबाइलकडं वळले. सना ताटं घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "नाही म्हणले."

मी मान हलवली. इतकंच होतं ते. त्या शुक्रवारी मला एवढाच एक शब्द त्याला सांगायचा होता. रफीक, नाही म्हणला, अंडाकरी आणलीय. तो म्हणाला असता, अंडाकरी तं अंडाकरी, बस लवकर, भूक लागली. आणि तेवढ्याच खुशीत तीन भाकरी खाल्ल्या असत्या. मी हे सगळं सनाला सांगायला तोंड उघडलं, पण तिनं पोळी मोडून माझ्या ताटात ठेवली होती.

"जेवा ना काका," ती म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं."